शहरापर्यंतचा श्वास

पावसाळ्यात आमच्या आरोग्य केंद्रात मला सापाची भीती वाटायची नाही, सापावरच्या औषधाची वाटायची. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल, म्हणून आधी तेच सांगते. विषावरचं हे औषध घोड्याच्या रक्तापासून तयार होतं आणि काही माणसांना ते सोसत नाही. सलाईनमधून पहिले थेंब आत जातात न जातात तोच अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, दम लागतो, नाडी हाताला लागेनाशी होते. म्हणजे सापाच्या आधी डॉक्टरनंच माणूस घालवला, असं व्हायचं. त्यावर उतारा म्हणून दुसरं इंजेक्शन सिरिंजमध्ये भरून मी पेशंटच्या उशाशी उभी राहायची. नातेवाइकांना वाटायचं, बाई काहीच करत नाहीत, नुसत्या उभ्या आहेत. मी मात्र सलाईनच्या त्या पहिल्या थेंबांवर डोळा ठेवून असायची.

केंद्र देवगाव रंगारीहून आत होतं. गावाचं नाव लिहीत नाही, कारण ज्या घराची ही गोष्ट आहे ती माणसं अजून तिथं राहतात. मी शहरातली. वडील निजामाच्या कचेरीत लागले आणि पोलीस ॲक्शननंतर त्याच टेबलावर उर्दूऐवजी मराठीत लिहू लागले. आमच्या घरात कुणी शेतात पाय ठेवलेला नव्हता. माझी नेमणूक खेड्यात झाली तेव्हा आईनं फक्त एवढंच विचारलं, तिथं रात्री दिवे असतात का. मी असतात म्हणून सांगितलं. खरं म्हणजे मला माहीत नव्हतं.

केंद्रात माझ्याशिवाय दोन माणसं अशी होती, की त्यांच्या जिवावर मी तिथं टिकले. एक शमीम सिस्टर, खुलताबादच्या. दुसरे जीपचे ड्रायव्हर काशिनाथमामा. ते मोजकंच बोलायचे आणि जीप आजारी म्हशीसारखी सांभाळायचे. मोबाइल तेव्हा नव्हते. ग्रामपंचायतीत एक फोन होता, तो पावसाळ्यात बहुधा मुकाच असायचा.

सापाच्या पेशंटांचे तऱ्हेतऱ्हेचे नमुने पाहिले. एक म्हातारा चावलेला साप तेलाच्या डब्यात घालून जिवंत घेऊन आला आणि डबा माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला, "आधी ह्याला वळखा, मग मला औषध द्या." मी खुर्चीवर चढले. शमीम सिस्टरनं शांतपणे डब्याच्या झाकणाला बँडेज गुंडाळलं. साप बिनविषारी धामण निघाला. म्हाताऱ्याचं वय विचारलं तर म्हणाला, "पोलीस ॲक्शनला मी बैलं राखीत व्हतो. आता तुमीच लावा हिशेब." असे पेशंट आले की आम्ही दोन दिवस हसत असू. पण रस्त्यानं बैलगाडी धावत येताना दिसली की हसू पळून जायचं. बैल धावत आणलेत म्हणजे प्रकरण कठीण आहे, हे मला पहिल्याच पावसाळ्यात कळलं होतं.

त्या सोमवारी बैलगाडी धावतच आली. श्रावण होता. गाडीत चारा टाकून त्यावर एक तरुण बाई निजवलेली. नाव मंदा. सकाळी कपाशीत खुरपायला बसली असताना तिच्या पायाला नाग चावला होता. फणा तिनं स्वतः पाहिला होता, त्यामुळे ओळखायचा प्रश्न नव्हता. सोबत तिचा नवरा विष्णू आणि थोरला दीर आसाराम. हे भाऊ आधी शेजारच्या गावी विष उतरवणाऱ्याकडे जाऊन आले होते. त्यानं लिंबाचा पाला खायला घातला. कडू लागला तर विष नाही, असं त्याचं शास्त्र. मंदाला तो कडू लागला की नाही हे तिला सांगताच आलं नाही, कारण तोवर तिची जीभ जड झाली होती. तेव्हा कुठं त्यांनी बैल आमच्या दिशेनं वळवले.

"मॅडम, इसकी पलकां गिर रईं," शमीम सिस्टर हळूच म्हणाल्या.

मी मंदाला म्हटलं, डोळे उघड. तिनं कपाळाला आठ्या घालून प्रयत्न केला. पापण्या अर्ध्यावरच राहिल्या. मी विचारलं, दम लागतोय का. ती काहीतरी बोलली, पण शब्द नाकातून आले, नीट कळले नाहीत. तोंडात लाळ साचली होती आणि तिला ती गिळता येत नव्हती.

नागाचं आणि मण्यारीचं विष नसांवर चालतं. आधी पापण्या पडतात, मग जीभ, मग मान, आणि शेवटी छाती. हृदय चालू असतं. डोकं जागं असतं. फक्त श्वास ओढणारे स्नायू लुळे पडतात. तेवढा काळ बाहेरून कुणी श्वास देत राहिलं तर विष ओसरतं आणि माणूस उठून बसतो. पुस्तकात हे एका ओळीत संपतं. त्या ओळीसाठी लागणारं यंत्र शहरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात होतं, आणि शहर वेरूळ, खुलताबाद, घाट आणि दौलताबाद ओलांडून पलीकडे होतं.

आमच्याकडे होत्या तेवढ्या बाटल्या मी तिला दिल्या. त्या दिवशी औषधानं दगा दिला नाही. हातातलं उताऱ्याचं इंजेक्शन तसंच राहिलं. पण विष पुढं गेलं होतं. तिची मान सैल पडली. छाती वर येईनाशी झाली, नुसतं पोट हलत होतं, आणि मग तेही पुसट होत गेलं.

श्वास देण्यासाठी आमच्याकडे रबराची एक पिशवी होती. फुटबॉलएवढी, पुढं तोंडावर धरायचा मुखवटा. पिशवी दाबली की हवा आत जाते, सोडली की छाती खाली बसते. एवढंच. पण मुखवटा चेहऱ्यावर घट्ट धरावा लागतो आणि जबडा वर उचलून ठेवावा लागतो, नाहीतर जीभ मागं पडून वाट बंद होते. माझे दोन्ही हात त्यातच अडकले. पिशवी दाबायला दुसरं माणूस हवं. शमीम सिस्टर पिशवी दाबू लागल्या, पण त्याच वेळी वऱ्हांड्यात एक बाई बाळंतकळा देत होती. त्यांना सोबत शहरात नेणं शक्य नव्हतं.

मी विष्णूला म्हटलं, "इकडे या. हे धरा."

"मी?"

"तुम्ही श्वास घ्याल तेव्हा दाबायचं. सोडाल तेव्हा सोडायचं. तिचा श्वास आता तुमच्या हातात आहे."

हे मी बोलायला नको होतं असं नाही, पण जरा वेगळ्या शब्दांत सांगायला हवं होतं. त्याचा चेहरा पांढरा पडला. काशिनाथमामांनी जीप दाराशी लावलीच होती. मागच्या बाकांच्या मधे गादी टाकून आम्ही मंदाला निजवलं. तिच्या डोक्याशी मी, एका बाजूला विष्णू, समोरच्या बाकावर आसाराम.

जीपमध्ये मला सर्वात जास्त धास्ती मुखवट्याची होती. रस्त्याला खड्डे. प्रत्येक खड्ड्याला माझे हात उडायचे, हवा बाजूनं फसकन निघून जायची आणि तो श्वास वाया जायचा. मी गुडघ्यांनी तिचं डोकं दोन्ही बाजूंनी धरून ठेवलं. मधूनमधून तिला कुशीवर करून तोंडातली लाळ पुसावी लागे, आणि तेवढा वेळ श्वास थांबे. त्या थांबलेल्या वेळात मी स्वतःचाही श्वास रोखून धरायची. विष्णू घाबरून भराभरा दाबत होता. मी सांगायची, सावकाश. तो क्षणभर सावकाश करायचा आणि परत घाई. त्याचा स्वतःचा श्वासच धापा टाकल्यासारखा चालला होता, तर हात तरी कसा सावकाश चालेल?

मग मी म्हटलं, "तिच्याशी बोला."

"कुनाशी?"

"मंदाशी. तिला ऐकू येतंय."

त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग मोठ्या भावाकडे. त्या घरात नवरा थोरल्या भावासमोर बायकोशी बोलत नसे. हे मला पुढं कळलं. मला त्या वेळी वाटलं, हा माणूस ठोंब्या आहे.

"काय बोलू?" तो म्हणाला.

"घरी काय बोलता ते बोला."

"घरी..." त्यानं बराच विचार केला. "घरी भाकर वाढ म्हन्तो."

काशिनाथमामांच्या खांद्यावरून मला दिसलं, ते आरशात बघत होते. शेवटी विष्णूनं मान खाली घातली आणि पिशवीकडे बघत बोलायला लागला. "मंदे, लेकरं काकूकडं हायती. बाळ्यानं भाकर खाल्ली. पोरगी तुलाच इचारती पन रडंना. म्हशीची पेंड संपलीय बघ. कुनाकडून आनू? मागल्या बारीची चांगली नव्हती म्हनत व्हतीस."

असं तो बोलत राहिला. कपाशीबद्दल, गळक्या पत्र्याबद्दल, तिनं माहेरच्या लग्नात नेसायला मागितलेल्या लुगड्याबद्दल. बोलता बोलता त्याचा हात आपोआप थोडा धिमा झाला. आसाराम जीपच्या बाहेर बघत बसला होता.

वेरूळला आम्ही अडकलो. श्रावणी सोमवार, घृष्णेश्वराच्या दर्शनाला सगळा मुलूख लोटलेला. रस्त्यात माणसं, गाड्या, बेलफुलांची दुकानं. काशिनाथमामा भोंगा वाजवत जीप पुढं सरकवत होते आणि लोक भोंग्याला वैतागून मुद्दाम सावकाश बाजूला होत होते. तिथंच आसारामनं वाकून मंदाच्या चेहऱ्याकडं पाहिलं. मी लाळ पुसताना एका डोळ्याची पापणी वर राहिली होती. बाहुली मोठी झालेली, काही न बघणारी. नागाच्या विषात असं होतं. पण मेलेल्या माणसाचे डोळेही असेच दिसतात.

तो सरळ बसला आणि काशिनाथमामांना म्हणाला, "मामा, गाडी माघारी घ्या."

विष्णूचं बोलणं तुटलं. त्याचा हातही थांबला.

"दाबा," मी ओरडले. त्यानं दाबलं.

"मॅडम, संपलंय ते," आसाराम म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, उलट थकलेला होता. "तुमी लई केलं. पन आता माती तरी आमच्या गावात व्हऊ द्या."

"तिची नाडी चालू आहे."

"तुमी म्हन्ता."

"हात लावून बघा. इथं, मानेला."

त्यानं हात पुढं केला नाही. थोरला दीर भावजयीच्या अंगाला हात लावत नाही. मरणाच्या दारातही नाही. त्याला नाडी बघता येणार नव्हती आणि माझ्या शब्दावर विश्वास ठेवावा असं माझ्यात काय होतं? शहरातून आलेली, खुर्चीवर चढणारी पोर. आणि खरं सांगायचं तर माझाही धीर सुटत चालला होता. तिची नाडी माझ्या बोटाखाली लागत होती, पण जीपच्या हादऱ्यात ती तिची की माझ्याच बोटांतली, अशी शंका मधूनच यायची. ती शंका मी कुणाला बोलून दाखवू शकत नव्हते.

काशिनाथमामांनी मागं वळून बघितलं. आसारामकडं नाही, माझ्याकडं. मी मान हलवली. त्यांनी गिअर टाकला आणि जीप पुढंच घेतली. 

खुलताबाद मागं टाकून घाट उतरायला लागलो तेव्हा विष्णूच्या हाताला पेटका आला. बोटं वळली ती उघडेनात. पिशवी त्याच्या हातातून निसटून माझ्या मांडीवर पडली. आता मला मुखवटा सोडून पिशवी धरावी लागणार आणि मुखवटा सुटला की सगळंच सुटणार, हे माझ्या ध्यानात येईपर्यंत समोरून एक मोठा, खरखरीत हात आला आणि त्यानं पिशवी उचलली.

आसाराम दाबायला लागला. मी काही सांगायच्या आत. त्यानं एवढा वेळ बाहेर बघत असताना सगळं पाहिलं होतं की काय कोण जाणे. त्याचा हात वेगळाच चालत होता. धिमा, सारखा, न चुकणारा. मोटेवर बैल हाकणाऱ्या माणसाला जी लय असते ती. मंदाची छाती प्रथमच नीट वर येताना मला दिसली.

दौलताबादला किल्ल्याच्या जुन्या दरवाजातून रस्ता जातो. एका वेळी एकच मोठी गाडी जाईल एवढीच ती कमान. त्यात एक बस आणि समोरून आलेला ट्रक तोंडाला तोंड लावून उभे होते. दोघेही ड्रायव्हर इंजिन बंद करून निवांत. मागं गाड्यांची रांग. काशिनाथमामांनी भोंग्यावर हात ठेवला तो काढलाच नाही, पण उपयोग नव्हता.

तेव्हा विष्णू उतरला. मघाशी बायकोशी काय बोलावं ते न सुचलेला माणूस. वाकडी झालेली बोटं छातीशी धरून तो गाड्यांमधून पळत गेला. मला जीपमधून त्याची पाठ तेवढी दिसत होती. तो ट्रकसमोर उभा राहून काहीतरी बोलत होता, हात नुसता आमच्या दिशेनं करत होता. नंतर काशिनाथमामांनी चौकशी केली तेव्हा कळलं, त्यानं कुणाला शिवी दिली नाही की पाया पडला नाही. "माझी मालकीन त्या जीपमंदी हाय, तिचा श्वास आमी हातानं चालवायलोत," एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत होता. बसमधली माणसं उतरली. ट्रकमागच्या गाड्या मागं ढकलल्या. ट्रक मागं सरला.

विष्णू उतरून गेल्यावर जीपमध्ये आम्ही तिघंच होतो, आणि पुढं मामा. मी आसारामला म्हटलं, "विष्णू येईपर्यंत तुम्ही बोला तिच्याशी."

त्याचे ओठ हलले.  तो पिशवी दाबत राहिला. जीप कमानीतून बाहेर पडली आणि विष्णू धावत येऊन मागं चढला, तोवर तो एक शब्दही बोलला नव्हता.

शहरातल्या दवाखान्यात तिला यंत्रावर घेतलं. तिथल्या डॉक्टरनं मुखवटा माझ्या हातातून काढून घेतला तेव्हा माझी बोटं उघडत नव्हती. मी बाहेर येऊन पायरीवर बसले. काशिनाथमामांनी चहा आणून दिला, तो मला धरता येईना, म्हणून त्यांनीच कप माझ्या तोंडाला लावला. वडिलांनी लहानपणी पाजलं असेल, त्यानंतर मला कुणी असं पाजलं नव्हतं.

पुढचे दिवस मी जीव मुठीत धरून काढले. केंद्रात पेशंट तपासत होते, पण लक्ष रस्त्याकडं. शहरातून येणाऱ्या प्रत्येक माणसाला विचारायची. एकानं सांगितलं, बोट हलवलं म्हणे. मग कुणी सांगितलं, नळी काढली. शेवटी एका सकाळी ती स्वतःच विष्णूसोबत आली. दारात शमीम सिस्टरनं तिला आधी पाहिलं आणि हातातला ट्रे खाली ठेवून तिला मिठीच मारली.

मंदा माझ्यासमोर बसली. आवाज अजून घोगरा होता. विष्णू बाहेर मामांशी बोलत होता.

"म्हशीची पेंड कुनाकडून आनू, म्हनून मला इचारत व्हते," ती हसत म्हणाली. "आता मी कशी सांगू? पन इतकं त्ये जल्मात बोलले नव्हते."

 तिला ऐकू येत असणार हे मी पुस्तकातून जाणत होते. पण समोर बसलेल्या बाईनं तसं म्हणणं निराळं.

"सगळं ऐकू येत होतं?"

"सगळं. डोळं उघडंना, बोट हलंना. मला वाटायचं, ह्ये लोक मला अशीच जाळत्याल."  मग म्हणाली, "भाऊजी म्हनले, माघारी घ्या. त्ये बी ऐकलं."

 ती पुढं बोलली.

"मॅडम, दाबनारा हात बदलला की मला समजायचं. ह्येंचा हात घाईचा. एक श्वास निघंना तोवर दुसरा. जीव घाबराघुबरा व्हायचा. मग भाऊजींचा हात आला. त्यो आला आन मला बरं वाटाय लागलं. ज्यांनी माघारी घ्या म्हनलं त्येंच्याच हातानं." तिनं पदर नीट केला. "मी ऐकलं म्हनून त्यांना सांगू नका. एका घरात ऱ्हायचंय. त्यांना माझ्याम्होरं वर बघाय येनार नाय."

मी कबूल केलं.

त्यानंतर काही आठवड्यांनी आसाराम एकटाच आला. पेशंटांच्या रांगेत शेवटी बसून राहिला. सगळे गेल्यावर आत आला. काय होतंय म्हणून विचारलं तर काही नाही म्हणाला. टोपी काढून हातात घेतली.

"मॅडम, एक इचारायचं व्हतं. तुमी त्या दिशी म्हनलात, तिला ऐकू येतंय. ते विष्णूला धीर द्यायला म्हनलात का खरंच येतं?"

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याला खरं सांगितलं असतं तर दोन्ही सांगावं लागलं असतं. माघारी घ्या म्हटलेलं ऐकलं, आणि तुमच्या हातानं तिला बरं वाटलं. एक लपवून दुसरं सांगता येत नव्हतं.

"काहींना येतं, काहींना नाही," मी म्हटलं. "तिला विचारा ना."

"नाय," तो म्हणाला. "नाय इचारू शकत."

मग तो बोलायला लागला. त्यांचा बाप शहरात एका दवाखान्यात वारला होता, आणि त्याचं प्रेत आणताना घरच्यांचे फार हाल झाले होते. वाटेत माणूस गेलं तर चिरफाड होते असं त्यानं ऐकलं होतं. बाईमाणसाची चिरफाड नको, तिची लेकरं तिला शेवटची बघतील, एवढंच त्या वेळी त्याच्या डोक्यात आलं. हे मला तो का सांगत होता ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. बोलून झाल्यावर त्यानं टोपी घातली आणि दारात वळून म्हणाला, "ती पिशवी धरायची कशी, मुखवटा बी कसा, त्ये मला नीट शिकवा."

मी शिकवलं. पुढं आम्ही गावातल्या आणखी काही जणांना शिकवलं, शिक्षकांना, दुकानदाराला, दोन-तीन बायकांना. शहरात भेटणारे माझे सोबती हसायचे की तू खेडुतांच्या हातात जीव देतेस. दुसरं कुणाच्या हातात देऊ, हा माझा प्रश्न असायचा. यंत्र आमच्याकडे आलं नाही. रस्ता मोठा झाला, पण तो बऱ्याच वर्षांनी. कितीतरी माणसं त्या रस्त्यावरून वेळेत गेली नाहीत, त्यांतले काही चेहरे अजून डोळ्यांसमोर येतात. आसाराम मात्र बोलावल्याबरोबर यायचा. नांगर सोडून यायचा. जीपमध्ये चढला की पेशंटशी बोलायला लागायचा. ओळख असो-नसो. पाऊसपाणी, बाजार, बैल, काय सुचेल ते.

माझ्या बदलीच्या आधीच्या पावसाळ्यात एका वस्तीवरून सोपान नावाचा तरुण आणला. मण्यार चावली होती. मण्यार झोपेत चावते आणि खूणही राहत नाही. पोट दुखतंय म्हणून घरच्यांनी त्याला ओवा दिला होता. आला तेव्हा ओठ निळे. औषध दिलं, पिशवी चालू केली, जीप काढली. पुढं मामांच्या शेजारी त्याचा बाप, मागं मी आणि आसाराम. आसाराम त्याच्याशी बोलत होता. तुझ्या वस्तीवरच्या विहिरीला पानी चांगलंय, मी प्यालोय, असं काहीतरी.

घाटात नाडी गेली. मी बोट मानेवर दाबून धरलं, दुसऱ्या बाजूला बघितलं, कान छातीला लावला. छातीवर दाब दिला, इंजेक्शन दिलं, परत दाब दिला. माझ्या कपाळावरचा घाम त्याच्या सदऱ्यावर पडत होता. मग मला कळलं की आता आपण उगाच त्याच्या बरगड्या मोडतोय. मामांनी जीप कडेला घेतली. पुढं बसलेला बाप मागं वळला नाही. त्याला कळलं होतं.

"आसारामभाऊ," मी म्हटलं, "थांबा आता."

त्याचा हात थांबला नाही. पिशवी दाबली जात होती, सुटत होती, पूर्वीसारखीच सावकाश.

"गेला तो," मी म्हटलं.

"व्हय मॅडम," तो म्हणाला. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. "पन आजून ऐकत आसंल. एवढं बोलून घेऊ द्या."

आणि सोपानच्या कानाशी वाकून तो त्याला सांगायला लागला, की तुझा बाप हितंच हाय, पुढं बसलाय, आन आपुन आता गाडी माघारी घेनार हाओत, तुझ्या घरी.